शेगडीत जाळलेला आवाज

माझा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीवर घरी आला, तेव्हा त्याचे हातपाय सगळे जागच्या जागी होते. तो तोफखान्यात होता. डाव्या कानाचा पडदा तेवढा फाटला होता आणि त्यातून कधीमधी पाणी यायचं. रहिमतपूर स्टेशनवर मी त्याला आणायला गेलो, तर पत्र्याची काळी ट्रंक त्यानं स्वतःच खांद्यावर टाकली आणि मळ्यापर्यंतच्या वाटेवर उसाचं, बैलांचं, कोण मेलं, कोण जन्मलं, सगळं विचारत राहिला. आमची आई आम्ही लहान असतानाच गेलेली. घरात आमचे वडील आबा, वहिनी आणि मी. आबांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. वहिनीनं दारात त्याच्या पायावर पाणी घातलं आणि वर बघितलं. त्या वेळी तिच्या तोंडावर जे हसू होतं, तसं नंतर मला फार दिवस दिसलं नाही.

आठवडाही गेला नाही तोच बिघडलं. त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं आणि जो तो आपली विहीर आणखी खोल न्यायच्या मागे लागला होता. दिवसभर कुठल्या ना कुठल्या शिवारात सुरुंग उडायचे. शेजारच्या मळ्यात पहिला सुरुंग उडाला तेव्हा दादा बांधावर उभा होता. तो धाडकन उसाच्या सरीत पालथा पडला. आम्हाला वाटलं, चक्कर आली. मग तो उठला, सरळ त्या विहिरीवर गेला आणि सुरुंग लावणाऱ्या माणसाचं मानगूट धरून, एक शब्द न बोलता, त्याचं तोंड दगडावर आपटायला लागला. लोकांनी मिळून ओढला तेव्हा सुटला. त्या माणसाचा खालचा ओठ उभा फाटला होता आणि दात मातीत पडले होते. घरी आल्यावर दादा हातावरचं रक्त बघत म्हणाला, "हे माझंच हाय का रं?"

त्याला काही आठवत नव्हतं. मिलिटरीच्या दवाखान्यात नेलं, तिथं झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन तो दिवसभर पेंगायचा आणि आवाज झाला की तसाच उठायचा.

मी तेव्हा सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात वायरमन होतो आणि हंगाम संपला की सांगलीच्याच एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. गिटारसाठी माझा स्वतःचा ॲम्प्लिफायर होता. मिरजेच्या एका मिस्त्रीनं तो बांधून दिलेला. त्या मिस्त्रीच्या घरात पिढ्यानपिढ्या सतारी व्हायच्या. हा एकटाच भोपळे सोडून वॉल्व्हच्या नादाला लागला होता. माझ्या यंत्रात त्यानं जुन्या रेडिओत असतात तसले चार मोठे काचेचे वॉल्व्ह घातले होते. ते पेटले की आत निखाऱ्यासारखा उजेड दिसायचा आणि मागं हात धरवत नसे.

वॉल्व्हच्या यंत्राचं एक असतं. बटण मागं घेऊन बारीक वाजवलं, तर आवाज मिळमिळीत येतो. बटण पुढं नेलं आणि वॉल्व्ह पुरते राबायला लागले, की गिटारचा सूर फुलतो, कडेनं फाटतो आणि पोटातून ओरडून गाणाऱ्या माणसासारखा लांबत जातो. मला तो फाटका, लांबणारा सूर हवा असायचा. त्यापायी मी जेवणसुद्धा विसरायचो. पण तो सूर काढायचा तर आवाज एवढा मोठा व्हायचा, की मांडवातली वयस्क माणसं उठून जायची.

त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून ऊस नाही, म्हणून कारखाना लवकर बंद झाला. लग्नंही गपचूप उरकली जात होती. ऑर्केस्ट्रा बसून होता. मी यंत्र मळ्यावर आणलं आणि गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. दादा घरात असला की त्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. एका दुपारी तो आबांबरोबर कोरेगावच्या बाजाराला गेला, असं वहिनी म्हणाली. मी बटण पुढं नेलं आणि एक सूर ताणला.

दादा अर्ध्या वाटेतनं परत आला होता. मला तो दिसलाच नाही. पाठीत काहीतरी बसलं आणि मी गिटारीसकट भिंतीवर गेलो. त्याच्या हातात कुदळीचा दांडा होता. दुसरा घाव कानशिलावर बसला, तिसरा मी हातावर घेतला. मग त्यानं दांडा टाकला, माझ्या छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही तळवे माझ्या तोंडावर दाबून धरले. माझं नाकही त्यात दाबलं गेलं होतं. त्याचे डोळे माझ्यावर नव्हतेच. ते दाराबाहेर, लांब कुठंतरी होते. तो कुजबुजत होता, "आवाज करू नगं. आवाज करू नगं. आवाजावरनं तोफंची रेंज घेत्यात ते."

गिटार खाली पडून यंत्राच्या तोंडाशी आली होती आणि स्पीकरमधून एक लांबच लांब शिट्टी निघत होती. ती थांबेना, म्हणून तो आणखी दाबत होता. माझ्या डोळ्यांपुढं अंधार यायला लागला. तेवढ्यात वहिनी आली. तिनं आधी भिंतीतली पिन ओढून यंत्र बंद केलं, मग दाराशी पडलेला दांडा उचलून दादाच्या पाठीत घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो कुशीवर कोसळला आणि तिथंच लहान पोरासारखा गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला.

वहिनी धापा टाकत माझ्याकडं वळली. तिच्या दंडावर जुने हिरवे-निळे वळ होते. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचं हे यंत्र एकतर बारीक करा, न्हाईतर इथनं हलवा."

संध्याकाळी आबांनी यंत्र विहिरीत टाकायला काढलं. मी आडवा गेलो. आबांनी हातातली चाबकाची वादी माझ्या सुजलेल्या तोंडावर ओढली. "भाऊ मरंस्तवर वाजवनार हाईस व्हय रं?" मी त्यांचा हात धरला आणि पिरगळला. म्हातारा माणूस कळवळून खाली बसला. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात असं झालं होतं. कुणीही कुणावरही हात टाकत होतं.

दुसऱ्या दिवशी यंत्र पोत्यात गुंडाळून मी रेल्वेनं मिरजेला गेलो.

मिस्त्री तोंडाचा फटकळ आणि हाताचाही. "याची ताकद कमी करून द्या चाचा," म्हटल्यावर त्यानं हातातली पक्कड टेबलावर आपटली. "मी बांधलंय ते मैदानासाठी. तुला घरात कुजबुजायचं असेल तर रेडिओ घे!" मग त्याचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडं गेलं. "या अल्ला. किसने मारा?"

मी सांगितलं. मग त्यानं यंत्राचं झाकण उघडलं. मी आत हात घालायला गेलो, तर त्यानं माझ्या मनगटावर फटका मारला. "हात निकाल! बंद असलं तरी आत चारशे व्होल्ट बसलेले असतात." त्यानं एक तार आणि स्क्रूड्रायव्हर आत टेकवला. 'फाट्‌' असा आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. साठलेली वीज अशी काढून टाकल्याशिवाय तो कधी हात घालत नसे.

मग त्यानं चारांतले दोन वॉल्व्ह उपसले. ते जोडीनं काम करतात, म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक. मागची स्पीकरची तार दुसऱ्या खुंटीवर बदलली, कारण दोनच वॉल्व्ह राहिले की त्यांना ओढायचं वजनही तसं बदलून द्यावं लागतं. "ताकद निम्मी झाली," तो म्हणाला. "पण आवाज निम्मा होणार नाही. ताकद निम्मी केली तरी कानाला जरासाच फरक लागतो. आणखी बारीक करायचा एक इलाज आहे, पण तो मी करणार नाही. शेगडीत जाळायला नाही बांधलं मी हे."

त्या शेवटच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही आणि त्यानंही उलगडून सांगितला नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, ताकद निम्मी झालीय. दादा शुद्धीत असला की माझा जुना दादाच असायचा. माझ्या तोंडाकडं बघून त्याला जेवण जात नव्हतं. तोच म्हणाला, "वाजव माझ्या म्होरं. मला ठावं असलं म्हंजी मी बसंन." तो सोप्यात बाजेवर बसला. वहिनी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. आबा मुद्दाम दाराच्या बाहेर उभे राहिले.

सुरुवातीला तो बसला. घाम येत होता, बाजेचा काथ्या मुठीत आवळलेला, पण बसला. मी हळूहळू बटण पुढं नेत गेलो. सूर फाटायला लागला तो नेमका क्षण मला आठवतो, कारण त्याच क्षणी दादाचे डोळे बदलले. तो माझ्याकडं आलाच नाही. उंबऱ्याकडं झेपावला आणि त्यानं वहिनीचा गळा धरला.

सूप उडालं, तांदूळ सोपाभर पसरले. वहिनीच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. तिचे पाय जमिनीवर घासत होते. आबा "सोड, सोड" करत त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. मी दादाच्या मनगटाला धरून ओढलं, तर त्यानं माझ्या दंडाला चावा घेतला आणि दात तसेच रुतवून ठेवले. शेवटी कोनाड्यातला पितळी तांब्या माझ्या हाताला लागला. तो मी त्याच्या कपाळावर मारला आणि मारतच राहिलो. भुवई फुटली, रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं, तरी बोटं सुटेनात. ती सुटली तेव्हा वहिनी काळीनिळी पडली होती. दादा आंधळ्यासारखा चाचपडत यंत्रापाशी गेला, भिंतीला अडकवलेला विळा घेतला आणि त्यानं स्पीकरचा कागदी पडदा टराटरा फाडला. टाकलेल्या गिटारीची शिट्टी बंद झाली. मळ्यावरची माणसं धावत आली, त्यांनी त्याला कासऱ्यानं बैलगाडीच्या चाकाला बांधला.

उन्हं कलली तेव्हा तो भानावर आला. वहिनी त्याला पाणी पाजायला गेली. आम्ही नको म्हणत होतो, तरी गेली. त्याला तिच्या गळ्यावर उमटलेली बोटं दिसली. त्याच्या अंगात एकदम असं काही संचारलं, की चाक गदगदा हललं.

"कुनी हात लावला हिला? कोन तो?" आणि मग माझ्याकडं बघून, "तू? तू व्हय रं?"

वहिनीनं तांब्या त्याच्या ओठाला लावून धरला होता. तिचा आवाज घोगरा, चिरका झाला होता.

"आवं, तुमी," ती म्हणाली. "तुमची बोटं हायत ही. मापून बघा."

दादा तिच्याकडं बघत राहिला. मग तो डोकं मागं नेऊन चाकाच्या आऱ्यावर आपटायला लागला. वहिनीनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, तरी तो आपटत होता. तिच्या हाताची बोटं मध्ये चेचली गेली, तेव्हा कुठं थांबला.

त्यानंतर मी यंत्र विकून टाकायचं ठरवलं होतं. गिटारसुद्धा. दोन-तीन दिवसांनी दादा गोठ्यात माझ्याजवळ येऊन बसला. कपाळाला पट्टी होती.

"तुझ्या वहिनीला दिवस गेल्यात," तो म्हणाला.

मी सरकून त्याला पोत्यावर जागा करून दिली.

"पोर रडंल. रडनारच की. बेंबीच्या देठापासनं रडंल. तवा मी काय करीन, सांग." तो जमिनीकडं बघत होता. "तिला म्हनलं, माहेरी जा आन परत येऊ नगं. ती न्हाई म्हनती. म्हनून म्हंतो, यंत्र इकू नगं. अजून बारीक कर. पार मुंगीवानी बारीक. आन मग रोज थोडं थोडं वाढव. बैल न्हाई का आपुन जुवाला सवय करत? तसं कर मला."

"चाचा करणार नाही म्हणतोय."

"मी येतो की. मी सांगतो त्याला."

यंत्र घेऊन आम्ही दोघं मिरजेला गेलो. मी मिस्त्रीला आधी गाठून सांगायला हवं होतं की दादासमोर ठिणगी काढू नका. पण दादाच पुढं झाला आणि हात जोडून बोलायला लागला. मिस्त्री मान हलवत ऐकत होता, "ना, ना, ते पाप मी नाही करणार," म्हणत होता आणि बोलता बोलता सवयीनं दुसऱ्याच कुणाच्या उघड्या यंत्रात स्क्रूड्रायव्हर टेकवत होता.

'फाट्‌' झालं.

दादानं टेबलावरून उडीच घेतली. टेबल, डबे, काचेचे वॉल्व्ह, सगळं खाली आलं. मिस्त्री पाठीवर पडला आणि दादा त्याच्यावर. पण मिस्त्रीच्या हाताला सोल्डरिंगची तापलेली दांडी लागली. ती त्यानं दादाच्या हातावर, कोपराच्या खाली टेकवली. चर्र झालं, कातडी जळाल्याचा वास सुटला. दादानं एक गुद्दा त्याच्या जबड्यावर हाणला. मिस्त्रीनं दांडी काढली आणि पुन्हा टेकवली. शेजारच्या दुकानातली सतारीवाली माणसं धावली. एकानं घडवायला घेतलेला सतारीचा दांडाच दादाच्या पाठीत मोडला. मी दादाला मिठी मारून, त्याच्यासकट काचांवर लोळत, बाहेर गटारापर्यंत नेला. काचा माझ्या पाठीत घुसल्या. त्यांचे वण अजून आहेत.

गटाराच्या कडेला बसून दादा भानावर आला. त्यानं स्वतःच्या हातावरचे दोन काळे डाग पाहिले. मग उठून, कुणाकडंही न बघता, दुकानात गेला आणि जमिनीवरच्या काचा गोळा करायला लागला. आम्ही सगळे बघत राहिलो. मिस्त्री जबडा चोळत उभा होता. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. त्यानं ते पचकन थुंकलं.

"बस," तो म्हणाला. "बाहेर जाऊन बस तू. हात कापशील. आणि तू रे, ती शेगडी इकडं आण."

कोपऱ्यात एक जुनी विजेची शेगडी पडली होती, मातीच्या प्लेटीवर नागमोडी कॉईल बसवलेली. मिस्त्रीनं ती कॉईल तोडून तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा स्पीकरच्या वाटेत घातला, म्हणजे आवाजाची बरीचशी वीज त्यातच जळून जाईल. दुसरा स्पीकरच्या शेजारी जोडला, म्हणजे उरलेल्यातलीही थोडी तिकडं वळेल. "वॉल्व्हला वाटलं पाहिजे, समोर नेहमीचाच स्पीकर आहे," तो म्हणाला. "फसवायचं त्याला. आणि काही झालं तरी समोर काही न जोडता यंत्र चालवायचं नाही. ताकद कुठं जाणार मग? आतल्या आतच फोडून बाहेर पडेल." दोन्ही तुकड्यांवर चिमटे लावून दिले. चिमटे कुठं कुठं सरकवायचे त्या जागांसमोर, प्लेटीच्या कडेला लाल सूत चिकटवून दिलं. फाटलेल्या स्पीकरला नवा पडदा त्याच्याच भाच्यानं चिकटवला. बाहेर बसलेल्या दादाच्या हाताला मिस्त्रीनं स्वतः खोबरेल लावलं. लावताना त्याला शिव्या देत होता.

मळ्यावर येऊन मी यंत्र लावलं. बटण पुढं नेलं, अगदी शेवटपर्यंत. वॉल्व्ह तापले, कॉईल तापली, तिच्यावरची धूळ जळाल्याचा वास आला. आणि स्पीकरमधून तोच फाटका, फुललेला, लांबणारा सूर आला. पण एवढासा, की पलीकडच्या गावात कुणी ओरडतंय आणि वाऱ्यानं इथवर येतंय असं वाटावं. बैलांनी कानसुद्धा हलवले नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

दादानं स्वतःच कासरा आणून दिला. "बांध मला. घट्ट बांध." गोठ्याच्या मेढीला मी त्याला बांधायचो आणि रोज सकाळी वाजवायचो. वहिनी समोर बसायची, त्याचा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. तिला उठ म्हटलं तरी उठत नसे. पहिल्या दिवसांत त्या एवढ्याशा आवाजानंही त्याचे दात कडकड वाजायचे. तो स्थिर बसायला लागला की मी चिमटे पुढच्या सुतावर सरकवायचो.

सगळं सरळ गेलं नाही. एकदा मी चिमटा लवकर सरकवला. त्यानं अशी हिसडी दिली, की मेढच उपटून निघाली आणि वरचे पत्रे आमच्यावर आले. त्या गोंधळात त्यानं बांधलेल्या हातांनीच मला एवढं बुकललं, की माझ्या बरगड्या मोडल्या. मला श्वास घ्यायला यायचं नाही. आबा कुऱ्हाड घेऊन यंत्राकडं धावले, त्यांना वहिनीनं अडवलं. वहिनीचं पोट तेव्हा चांगलंच दिसायला लागलं होतं. चार दिवस दादा घरी आला नाही. उसात पडून होता, माणसं भाकरी ठेवून यायची. मग एका सकाळी येऊन त्यानं नवी मेढ रोवली, तिला पाठ लावून बसला आणि मला म्हणाला, "बांध."

मी आडवा होतो. "मला बसता येत न्हाई दादा."

"मग झोपून वाजव."

मी झोपून वाजवलं.

हिवाळ्यात वहिनी बाळंतपणाला कडेगावला, माहेरी गेली. निरोप आला, मुलगी झाली. दादा आणि मी एस.टी.नं निघालो. घरासमोर पोचलो तेव्हा आतून रडणं ऐकू येत होतं. नव्या पोराचं रडणं किती धारदार असतं, हे मला माहीत नव्हतं. शेवटच्या सुतावर वाजवलेल्या गिटारीपेक्षा ते मोठं होतं.

दादा अंगणातच थांबला. त्यानं अंगणातल्या शेवग्याचं खोड दोन्ही हातांनी धरलं. त्याच्या हनुवटीवरून रक्त उतरायला लागलं. खालचा ओठ त्यानं दातांत धरला होता. दारात वहिनीची आई येऊन उभी राहिली. तिच्या हातात मुसळ होतं. तिला सगळं माहीत होतं. मी दादाच्या मागं उभा होतो, मिठी मारायच्या तयारीत.

"येऊ द्या त्यास्नी," आतून वहिनी म्हणाली.

तो आत गेला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, पोर मांडीवर. गोधडीच्या कडेखालून विळ्याची मूठ दिसत होती. ती मला दिसली, तशी दादालाही दिसली. वहिनीनं लपवायचा प्रयत्न केला नाही.

"असू दे जवळ," दादा म्हणाला.

तो खाली बसला. वहिनीचा उजवा हात विळ्याच्या मुठीवर होता; डाव्या हातानं तिनं पोर त्याच्या ओंजळीत दिलं. पोरीनं श्वास घेतला आणि त्याच्या चांगल्या कानाशी किंचाळी फोडली. दादाच्या मानेच्या शिरा टरारल्या. डोळे दाराकडं गेले, लांब गेले, आणि मी एक पाऊल पुढं टाकलं. मग ते डोळे हळूहळू परत आले, पोरीच्या तोंडावर. त्याची ओंजळ तशीच उघडी होती. बोटं त्यानं मिटली नव्हती.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. पोरगी रडून रडून दमली. त्यानं ती वहिनीच्या मांडीवर ठेवली, उठून परसात गेला आणि भडाभडा ओकला. मी पाणी घेऊन गेलो. तो कुडाला धरून उभा होता.

"लय मोठ्यानं रडती," तो म्हणाला.

दादा पुरता बरा झाला असं नाही. पुढं एका वरातीत दारूकाम उडालं, तेव्हा त्यानं एकाचा हात मोडला आणि पोलीस ठाण्यात बसला. दिवाळी आली की तो आपला आपण मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत जायचा आणि मला बाहेरून कडी लावायला सांगायचा. पण घरातल्या माणसावर त्यानं परत हात टाकला नाही. पोरीच्या मागनं दोन मुलगे झाले, ते तर तिच्याहून दांडगे रडायचे.

पोरगी झाली त्याच्या पुढच्या लग्नसराईत मी यंत्र घेऊन ऑर्केस्ट्राकडं सांगलीला निघालो आणि आधी मिरजेला गेलो. मिस्त्रीनं विचारलं, ते दोन वॉल्व्ह परत घालू का. मी नको म्हणालो. मोठ्या मैदानात ऑर्केस्ट्राचा मालक माझ्यावर ओरडायचा, गिटार ऐकू येत नाही म्हणून. मी यंत्रासकट पुढं, लोकांच्या जवळ सरकून वाजवायचो.